घरोघरची गोळी

१९६३ साली सिडनीच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी २१ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. फ्लू किंवा कांजिण्यांसारखा विषाणुजन्य आजार ओसरत असता मूल एकाएकी ओकू लागे, बरळे आणि बेशुद्ध होई. मेंदूला सूज, यकृतात चरबी. २१ पैकी १७ मुले दगावली.

कारण मात्र उमगेना. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अशा रुग्णांची तुलना तशाच तापाच्या इतर मुलांशी करण्यात आली, तेव्हा संशय वळला तो अ‍ॅस्पिरिनकडे. १८९९ पासून बाजारात असलेली ही गोळी ताप उतरावा म्हणून आयाच मुलांना मायेने देत असत.

१९८२ साली सरकारी इशारा निघाला. परंतु उत्पादकांच्या विरोधामुळे वेष्टनावरील सूचना सक्तीची व्हावयास १९८६ साल उजाडले. १९८० साली ५५५ रुग्ण नोंदले गेले होते. १९८७ ते १९९३ या काळात एकाही वर्षी ३६ हून अधिक नोंदले गेले नाहीत.

रोगाची प्रक्रिया आजही पूर्णपणे उलगडलेली नाही. तरीही तो आटोक्यात आला. शेवटचा पुरावा हाती येईपर्यंत राज्यकर्त्यांनी थांबावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या चार वर्षांनी दिले आहे.