फुटक्या कौलांवरचा इजिप्त

आम्ही जित्याहून बोलतोय. पनवेल-रोहा मार्गावर पेणच्या अलीकडे एक छोटंसं स्टेशन लागतं, तेच आमचं जिते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघीजणी गावातल्या मुलांना दुपारी दोन तास एकत्र बसवतो. भर उन्हात हुंदडण्यापेक्षा बरं, एवढाच मूळ हेतू. यंदा मुलांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की गोष्टी नकोत, ममीचं सांगा. टीव्हीवर कुठेतरी बघितली असणार.

आता नुसतं सांगून मुलं बसत नाहीत, हाताला काम हवं. म्हणून स्टेन्सिल काढली. स्टेन्सिल म्हणजे आपल्या रांगोळीच्या छाप्याची बहीणच. जाड कागदात आकार कापायचा, तो कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि दात घासायचा जुना ब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा. तुषार उडतात, छापा उचलला की आकार उमटलेला.

पहिल्या दिवशी आमची चूक झाली. आम्ही बाजारातून प्लास्टिकचे तयार छापे आणले होते. पिरॅमिड, उंट, राजाचा मुखवटा. तासाभरात वीस मुलांचे वीस मुखवटे तयार, सगळे एकसारखे. विचारलं, हा कोण? तर म्हणे राजा. कुठला, कधीचा, काय करायचा? सगळे गप्प. उंटाचा छापा तर दुसऱ्या दिवशी बादच केला. पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या काळात इजिप्तमध्ये ओझी वाहायला गाढव होतं, उंट सर्रास दिसू लागला तो पुष्कळ नंतर. चित्रातल्या इजिप्तला मात्र उंटाशिवाय चैन पडत नाही!

मग ठरवलं, छापे मुलांनीच कापायचे. घरोघरच्या जुन्या एक्स-रे फिल्म आणि लग्नपत्रिका गोळा केल्या. आणि सुरुवात केली ती अशा छाप्यापासून, जो कापावाही लागत नाही. आपला हात.

इजिप्तच्या पश्चिमेच्या वाळवंटात, लिबियाच्या सीमेकडे, वादी सूरा नावाची जागा आहे. तिथली एक गुहा २००२ मध्ये उजेडात आली. तिच्या भिंतीवर शेकडो हात आहेत. ठसे नव्हेत हं. लग्न होऊन आलेली सून कुंकवाचा हात उमटवते तो ठसा. इथे हात भिंतीला टेकवून भोवती तोंडाने रंग फुंकलेला आहे, त्यामुळे हाताच्या जागी मोकळी जागा राहिली आहे. म्हणजे स्टेन्सिलच. आणि हे काम पिरॅमिडांच्याही किमान दीड-दोन हजार वर्षं आधीचं, त्या भागात पाऊस पडत होता, गवत उगवत होतं, तेव्हाचं. मोठ्या हातांच्या मध्ये काही अगदी चिमुकले हात आहेत. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं, ते तान्ह्या बाळांचे. २०१६ मध्ये संशोधकांनी मापं घेऊन नवजात बाळांच्या हातांशी ताडून पाहिली, तर जुळेनात. ते हात माणसाचे नसून बहुधा घोरपडीसारख्या प्राण्याच्या पंजाचे आहेत, असं त्यांनी मांडलं. घोरपड म्हटल्यावर आमचा वर्ग अर्धा तास हातातून गेला.

पुढचा धडा माणसाच्या चित्राचा. इजिप्तच्या थडग्यांमधली माणसं तुम्ही पाहिली असतील. तोंड एका बाजूला, पण डोळा समोरून दिसतो तसा. खांदे समोरून, पाय परत बाजूला वळलेले. मुलं म्हणाली, त्यांना चित्रं येत नव्हती वाटतं. छापा कापायला बसल्यावर कळलं की तो न येण्याचा प्रकार नाही, ती शिस्त आहे. चित्रकार आधी भिंतीवर चौकटी आखत. दोरी लाल रंगात बुडवायची, दोघांनी ताणून धरायची, मधून उचलून सोडायची. आपला सुतार फळीवर रेघ मारतो, हुबेहूब तसंच. उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकटींचा. गुडघा सहाव्या रेघेला, खांदा सोळाव्या. गणिताच्या चौकटीच्या वहीवर मुलांनी तसा माणूस काढला आणि मग कापला. होरेमहेब राजाच्या थडग्याचं काम अर्धवटच राहिलं, त्यामुळे तिथे लाल रेघांचा कच्चा आराखडा आणि त्यावर काळ्या रंगात केलेल्या दुरुस्त्या आजही दिसतात. म्हणजे शिकाऊ पोरगाही असणार आणि त्याची चूक काढणारा उस्तादही. आमच्या आसपास हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. तिथली पोरं हे ऐकून हसली. साचा सगळ्यांना एकच, पण डोळ्यांची आखणी करायला कुणाला बसवायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

एवढ्यात एका मुलाच्या आजीने दारातूनच विचारलं, "या इजिप्ताशी आपला संबंध काय गं?" प्रश्न रास्त होता. आपल्या अलिबाग तालुक्यातलं चौल हे त्याचं उत्तर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली, त्यात कल्याणबरोबर चौलचंही नाव आहे, सेमुल्ला असं. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतातले मिरे, सुती कापड आणि सागवानाचे तुकडे मिळाले आहेत. आजी म्हणाली, "म्हणजे आपली लोकं जाऊन आलीत." आणि निश्चिंत मनाने घरी गेली.

आता ज्याच्यासाठी ही गोष्ट तुम्हाला सांगायला घेतली, ते.

राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं. त्याला आज देर अल-मदिना म्हणतात. भोवती भिंत आणि आत साठ-सत्तर घरं, भिंतीला भिंत लागलेली. तिथे पिढ्यान् पिढ्या दगडफोडे, चित्रकार, लेखनिक राहिले. पपायरस महाग, म्हणून रोजचा हिशेब ते चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापरांवर लिहीत. अशी हजारो खापरं सापडली. त्यातली एक मोठी कपची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षाचा, म्हणजे तीन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हजेरीपट. कोण कुठल्या दिवशी आला नाही, आणि का, ते लाल शाईत. आजारी. डोळे आले. विंचू चावला. भावाच्या मातीला गेला. बियर गाळत होता. आणि बायको किंवा मुलगी बाजूला बसली म्हणून. हे शेवटचं वाचलं तेव्हा आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. मोठमोठ्या शिलालेखांत आमची ही गोष्ट कुठे यायला!

मुलांना म्हटलं, चला, आपणही असं लिहू. पावसाळ्याआधी घरं शाकारून झाल्यावर फुटक्या कौलांचा ढीग पडतोच. त्यातले तुकडे धुऊन आणले. इजिप्तच्या चित्रलिपीतल्या काही खुणांचे छापे कापले. पाण्याची लाट म्हणजे न, घुबड म्हणजे म, तोंड म्हणजे र, पावाची लादी म्हणजे त. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, काना-मात्रा गाळलेलं मराठीच म्हणा. त्यामुळे दोन मुलींची नावं एकसारखीच उमटली आणि भांडण झालं. नावाखाली साध्या मराठीत लिहायचं होतं : गेल्या वर्षी शाळेत कधी गेलो नाही, आणि का.

आम्हाला वाटलं ताप, पाऊस, मामाचं लग्न असं येईल. ते आलंच. पण एका तुकड्यावर होतं, "गणपती रंगवायला गेलो, २२ दिवस." दुसऱ्यावर, "लावणी. आई एकटी होती." एका मुलीने लिहिलं, "धाकट्याला सांभाळायला." आणि एका मोठ्या मुलीने छापा नीट ठेवून, नावाची तीन चित्रं सुरेख उमटवून, खाली काहीच लिहिलं नाही. आम्ही विचारलं नाही. शाळेच्या पटावर या सगळ्यांच्या नावापुढे गैरहजर एवढंच आहे.

त्याच गावातल्या दोन गोष्टी मग आम्ही घाईने सांगितल्या, वेळ संपत आला होता. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी कारागिरांचं धान्य थकलं. मजुरी धान्यातच मिळायची. कारागीर हत्यारं टाकून निघाले आणि देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान घेऊन आलो आहोत, अंगावर कपडा नाही, मासळी नाही, भाजी नाही, असं त्यांनी सांगितलं. ते लेखनिकाने लिहून ठेवलं, तो कागद इटलीत तुरीनला आहे. जगातला लेखी नोंद असलेला पहिला संप तो हाच, असं मानतात. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची शेतं पडीक ठेवली, हे रायगडात घरोघर ठाऊक आहे, त्यामुळे मुलांना फार समजावावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट नौनख्ते नावाच्या बाईची. आठ मुलांची आई. म्हातारपणी ती गावच्या पंचांपुढे उभी राहिली आणि जाहीर केलं, की ज्यांनी मला सांभाळलं त्यांनाच माझं मिळेल, ज्यांनी पाठ फिरवली त्यांना काही नाही. मिळणाऱ्यांत मुलगेही होते, मुलीही होत्या. एका मुलाला तर काशाचं एक भांडं वेगळं दिलं. साक्षीदारांच्या नावांसकट ते मृत्युपत्र आजही आहे, तीन हजार वर्षांहून जुनं. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देशभर कायद्याने मिळाला तो २००५ मध्ये. आणि जमिनीचे भाव चढल्यापासून भावाच्या घरी चहाबरोबर हक्कसोडीचा कागद पुढे येतो, त्यावर सही करून आलेल्या आमच्यातही दोघी आहेत. ही गोष्ट सांगताना आमच्यातल्या एकीचा आवाज जरा वर गेला. मुलांना कारण कळलं नाही, दारात उभ्या असलेल्या आयांना कळलं.

नौनख्तेचा छापा कापायचा राहिला. तिचं चित्र सापडत नाही, म्हणून मुलांनी काशाचं भांडं कापायचं ठरवलंय.

कौलाचे ते तुकडे सध्या आमच्या पडवीत ओळीने मांडले आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की ते बाईंना दाखवायचे की नाही, यावर मुलांचं अजून एकमत झालेलं नाही. जिने काहीच लिहिलं नव्हतं, ती परवा येऊन आपला तुकडा घेऊन गेली. काल तिने तो परत आणून ठेवला, पालथा.