वेतनातील तफावत आणि कामाचा हुरूप : मुंबईच्या गिरण्यांचा दाखला

सहकाऱ्याचे वेतन कळल्याने कामाचा हुरूप खचतोच, असे सरसकट म्हणता येत नाही. या दृष्टीने मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास उद्बोधक आहे. तेथे एकाच प्रकारच्या कामास गिरणीगणिक निराळी मजुरी मिळे. गिरणगावातील चाळींत अनेक गिरण्यांचे कामगार शेजारी राहत. ही तफावत झाकून राहणे शक्यच नव्हते. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे वेतनाच्या प्रमाणीकरणाची योजना आली. परंतु ती तेव्हा अमलात आली नाही. प्रमाणित दर लागू झाले ते १९४७ मध्ये, औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने. त्यात किमान मूळ वेतन २६ दिवसांस ३० रुपये ठरले. कौशल्यानुसारचे अंतर मात्र कायम राहिले. यावरून खरा आक्षेप अंतराला नसून अकारण अंतराला होता, असे अनुमान निघते.

ब्रेझा, कौर व शामदासानी यांनी ओडिशातील कामगारांवर केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या अनुमानास पुष्टी देतो. आपले वेतन सहकाऱ्यांहून कमी आहे असे दिसताच कामगारांचे उत्पादन व उपस्थिती घटली. परंतु सहकाऱ्याचे अधिक काम डोळ्यांना दिसत होते, तेथे तशी घट आढळली नाही. तात्पर्य, वेतन गुप्त ठेवण्यापेक्षा त्यातील भेदाचे कारण उघड करणे अधिक हितावह होय.