सुई धरण्यापूर्वीं

मुंबईहून गोंव्याकडे जाणारा हमरस्ता आणि रत्नागिरीहून कोल्हापुराकडे जाणारा रस्ता जेथें एकमेकांस मिळतात, तें हातखंबा गांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं मोटारीच्या खिडकींतून पाहिलें असेल. तिठ्यापासून थोड्या अंतरावरील एका घरीं गेल्या वैशाखांत मी मुंजीनिमित्त दोन दिवस राहिलों होतों. पडवींत वडीलधारीं माणसें हौसेनें पत्रावळी लावीत बसलीं होतीं. त्यांत घरचा पांच वर्षांचा नातू शिरला आणि हिराच्या तुकड्यानें पानाला पान टांचूं लागला. तोंच त्याच्या वडिलांनीं त्याला उठविलें. "ऊठ, हें काय मुलग्यांचें काम आहे? जरा अक्षर गिरव." आजी एवढेंच म्हणाली, "बसूं दे रे त्याला. तूंहि इथेंच बसत होतास."

आजच्या भाषणाचा विषय मला त्या पडवींत सुचला. कारण त्या वडिलांनीं ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध मानल्या, त्या टांका आणि अक्षर, यांचा संबंध शिक्षणाच्या इतिहासांत फार जवळचा आहे.

१८३७ सालीं जर्मनींतील ब्लँकेनबुर्ग गांवीं फ्रोबेलनें लहान मुलांसाठीं आपली संस्था काढली. तिला 'बालोद्यान' या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव त्यानें १८४० मध्यें दिलें. त्याच्या पद्धतींत पुठ्ठ्याला भोंके पाडून त्यांतून दोरा ओंवणें, कागदाच्या पट्ट्या एकींतून एक घालून चटई विणणें, असे उद्योग होते. पुढें रोममध्यें माँटेसोरीबाई मंदबुद्धि मुलांना शिकवीत असतां त्यांच्यापुढें अकरा वर्षांची एक मुलगी आली. तिच्या हातांत बळ होतें. पण सुई एका धाग्याखालून व दुसऱ्यावरून नेणें तिला कांहीं केल्या साधेना. बाईंनीं सुई बाजूला ठेविली आणि तिला फ्रोबेलची कागदी चटई विणावयास दिली. पट्टी वर, पट्टी खालीं. तें जमल्यावर पुन्हां सुई दिली, तेव्हां तिला रफू करतां येऊं लागलें. यावरून बाईंनीं ताडलें कीं, काम करावयास लावण्यापूर्वीं त्या कामाच्या हालचाली निराळ्या मार्गानें हाताला शिकवितां येतात. हाच नियम त्यांनीं लेखनास लावला. अक्षरांच्या आकृतीवरून बोट फिरविणें, पेन्सिलीनें आकृती भरणें, ही त्यांची सारी लेखनपूर्व तयारी त्या रफूच्या टांक्यापर्यंत मागें जाते. १९०७ सालीं रोममध्यें त्यांचें बालगृह उघडलें, तेथें बटणें, आंकडे व नाड्या लावण्याच्या चौकटी मुलांच्या हातीं आल्या.

आतां कोंकणाकडे पाहा. माडाच्या झावळीचें झाप विणतांना पातीं एकाआड एक वर-खालीं जातात. फ्रोबेलची चटई याहून निराळी ती काय? बकुळीच्या फुलाला तर निसर्गानेंच मधोमध छिद्र ठेविलें आहे; तें ओंवावयास सुई लागत नाहीं, हीर किंवा केळीचें सोपट पुरतें. पत्रावळ ही शिवणाची पहिली इयत्ताच होय. आपल्याकडे तिला कोणी शिक्षण म्हटलें नाहीं, इतकेंच.

सुई बायकांची कशी झाली, हेंहि पाहण्यासारखें आहे. संत नामदेव शिंपी होते, आणि गांवोगांवचा शिंपी हा पुरुषच. पण शाळेंत शिवण आलें तें मुलींच्या बाजूनें. १८८४ मध्यें पुण्यास हुजूरपागा निघाली, त्यानंतर मुलींना इंग्रजी शिकवावें कीं गृहकृत्यें, यावर 'केसरी'नें मोठें रण माजविलें. १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनांत रमाबाई रानड्यांनीं निराधार स्त्रियांच्या हातीं शिवणकाम दिलें, तें पोटाच्या सोयीसाठीं, आणि तें योग्यच होतें. मात्र या साऱ्यांत सुई मुलीची, पाटी मुलग्याची, ही समजूत घट्ट झाली.

१९३७ च्या वर्धा योजनेनें टकळी मुलगे व मुली दोघांच्याहि हातीं दिली, हें तिचें श्रेय. परंतु मुलांच्या सुतांतून शिक्षकाचें वेतन निघावें, ही तिच्यांतील अपेक्षा मला कधींच पटली नाहीं. ती योजना सात वर्षांपुढील मुलांसाठीं होती, हें बरें झालें. पांच वर्षांच्या मुलाच्या कामाची किंमत बाजारांत ठरूं लागली कीं त्याचा खेळ संपलाच.

ताराबाई मोडकांनीं हें ओळखलें होतें. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून त्या मुंबईस आल्या आणि १९३६ मध्यें दादरला शिशुविहार सुरू झाला. पण माँटेसोरीचें महाग साहित्य खेड्यांत न्यावें कसें? १९४५ सालीं बोर्डीस त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांना मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, पानें, माती हेंच तेथलें साहित्य झालें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द मिळाला. १९७५ च्या सरकारी योजनेनें तो देशभर नेला.

घरीं करून पाहावयाचें असेल तर खर्च नाहीं. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर मासा किंवा आंबा काढावा, कडेनें बोटभर अंतरानें भोंके आपणच पाडून द्यावीं, आणि बोथट दाभणांत लोकर ओंवून द्यावी. दाभणाचेंहि भय वाटत असेल तर लोकरीच्या टोंकाला मेण लावून तें ताठ करावें. टांके वांकडे आले तर उसवूं नयेत. उसवणें हें मोठ्यांचें व्यसन आहे.

हातखंब्याचा तो नातू दुसऱ्या दिवशीं सकाळीं बकुळ ओंवीत बसला होता. या वेळीं वडिलांनीं कांहीं म्हटलें नाहीं. वर्तमानपत्र घेऊन ते जवळच बसले होते. हातभर माळ झाल्यावर त्यानें ती अभिमानानें उचलली. शेवटीं गांठ मारलेलीच नव्हती. फुलें सगळीं जमिनीवर सांडलीं. तो क्षणभर पाहात राहिला, मग खालीं बसून पहिलें फूल पुन्हां उचललें. वडिलांनीं वर्तमानपत्र बाजूला ठेवून सोपटाच्या टोंकाला गांठ मारून दिली.