कुठून, कोणते, काय

माहिती असणे आणि ती सापडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने कचेरीत नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. आमच्या कचेरीत साहेबापेक्षा रेकॉर्ड कीपर मोठा होता. साहेबाला नुसते अधिकार होते. फाइल कुठे आहे हे याला ठाऊक होते. "एकाहत्तर सालचं प्रकरण ना? तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, लाल फडक्यातल्या गठ्ठ्याच्या मागं." तो रजेवर गेला की सबंध एकाहत्तर साल रजेवर जायचे. पुढे तो निवृत्त झाला आणि आमच्याच एका शिपायाच्या विधवेचे निवृत्तिवेतन दोन वर्षे अडकून पडले. तिच्या नवऱ्याचे सेवापुस्तक कचेरीतच होते. फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट त्या गृहस्थांबरोबर घरी गेली होती.

आता माझा भाचा संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. परवा तो म्हणाला, "मामा, सी शार्पमध्ये लिंक आहे म्हणून बरं." मला 'लिंक लागत नाही' एवढेच ठाऊक. म्हणून त्याला बसवून घेतले आणि सगळी वंशावळ काढली. निघाली ती कथा आमच्या रेकॉर्ड कीपरचीच.

सुरुवातीच्या संगणकांतही माहिती अशीच गठ्ठ्यांत असे. या नोंदीवरून त्या नोंदीवर, तिथून पुढच्या, अशी वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः काढायची. चार्ल्स बाखमन या पंडिताला १९७३ साली ट्यूरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याने भाषणात प्रोग्रॅमरला सरळ 'नॅव्हिगेटर', म्हणजे वाटाड्या, अशी पदवी देऊन टाकली. गंमत अशी, की याला विरोध केला तो खरोखरीचे विमान चालवलेल्या माणसाने. एडगर कॉड हा इंग्रज दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. नंतर तो आय.बी.एम.च्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत लागला. १९७० साली त्याने एक निबंध छापला. म्हणणे साधे: माहिती तक्त्यांत मांडा, आणि विचारणाऱ्याने फक्त 'काय हवे' ते सांगावे, 'कसे शोधायचे' ते यंत्राने पाहावे. थोडक्यात, रेकॉर्ड कीपर रजेवर असला तरी त्या बाईला निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. (कॉडने हे गणिताच्या भाषेत लिहिल्यामुळे पुष्कळांना ते कळले नाही, हा भाग वेगळा.)

ते कळेलशा इंग्रजीत आणले डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस या दोघा तरुणांनी, १९७४ साली. बारशाला नाव ठेवले 'सीक्वेल'. पण ते आधीच कुणाच्या तरी ट्रेडमार्कात निघाले, म्हणून कापून 'एस्क्यूएल' केले. बॉइस बिचारा त्याच वर्षी ऐन तारुण्यात वारला. त्याच्या भाषेने पुढे जग व्यापले ते त्याने पाहिले नाही. आय.बी.एम.चे जुने दुकान बरे चालले होते, त्यामुळे घरच्या पोराचे कौतुक व्हायला वेळ लागला. १९७९ साली ही भाषा बाजारात आणली ती दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने. तिलाच आज ओरॅकल म्हणतात.

इकडे निराळ्याच आळीत ऑब्जेक्टचे खूळ निघाले होते. नॉर्वेतल्या 'सिम्युला ६७' पासून सुरू झालेल्या या घराण्यात माहिती तक्त्यात नसते; प्रत्येक वस्तू आपली माहिती आणि आपले गुण पदरात बांधून हिंडत असते. या दोन घरांची सोयरीक काही जमेना. मग प्रोग्रॅमर काय करी? तक्त्याला विचारायचा प्रश्न अवतरणचिन्हांत घालून पाठवून देई. आता अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे कंपायलरच्या लेखी बंद पाकीट. सरळमार्गी कारकुनासारखा तो दुसऱ्याचे पाकीट उघडीत नाही. आत रकान्याचे नाव चुकलेले असले तर ते कळणार कधी? तर प्रोग्रॅम चालू झाल्यावर, म्हणजे बहुधा गिऱ्हाइकासमोर.

हे पाकीट फोडले ते मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींनी. आन्डर्स हेल्सबर्ग हा डेन्मार्कचा, टर्बो पास्कल आणि डेल्फी यांचा कर्ता. आणि एरिक मायर हा हॉलंडचा, हास्केल नावाच्या कर्मठ गणिती भाषेच्या मठातला. २००५ साली त्यांनी 'लिंक' दाखवली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ती सी शार्पच्या तिसऱ्या आवृत्तीतून लोकांच्या हाती आली. आता प्रश्न भाषेतच विचारायचा, अवतरणचिन्हे नाहीत. रकान्याचे नाव चुकले तर कंपायलर तिथल्या तिथे कान धरतो. शिवाय प्रश्न एकच, मग माहिती स्मरणातल्या यादीत असो, एक्सएमएलमध्ये असो की तक्त्यात. तक्ता असला तर यंत्र त्या प्रश्नाचे एस्क्यूएल स्वतःच करून घेते.

तिचा स्वभावही मला ओळखीचा वाटला. प्रश्न लिहिला म्हणून लगेच काम होत नाही. उत्तर खरोखर कुणी मागायला आले, की मगच ती उठते. पहिलेच हवे असेल तर पहिले सापडताच थांबते. आणि उत्तर लिहून ठेवले नाही तर दुसऱ्यांदा विचारल्यावर सगळे पहिल्यापासून शोधते. तरीही हिला निवृत्तिवेतन नाही.

पण मला सर्वांत आवडला तो शब्दांचा क्रम. एस्क्यूएल इंग्रजी वळणाचे: "काढ डबे, फळीवरून, ज्यांत बेसन आहे." लिंक म्हणते: "फळीवरच्या डब्यांतून, ज्यांत बेसन आहे ते, काढ." अहो, हे तर आमच्या स्वयंपाकघरातले मराठी! आधी कुठून, मग कोणते, शेवटी काय करायचे ते क्रियापद. इंग्रजीला इथवर यायला १९७४ ते २००७ अशी तेहेतीस वर्षे लागली. भाचा म्हणाला, "तसं नाही मामा. कुठून ते आधी कळलं तर पुढचे रकाने एडिटर आपणहून सुचवू शकतो, म्हणून तसं केलंय." मी म्हटले, "अरे, आमची आजीसुद्धा 'फळीवरच्या' एवढे ऐकल्यावर पुढचे सगळे सुचवायची."

मग मी त्याला ते निवृत्तिवेतनाचे प्रकरण सांगितले आणि विचारले, "तुझ्या लिंकनं ती बाई सुटली असती का रे?" पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "रकान्याचं नाव चुकलं असतं तर कंपायलरनं पकडलं असतं. पण रकान्यात तिच्या नवऱ्याचं आडनावच कुणी चुकीचं लिहून ठेवलं असेल, तर त्याला काय कळणार? तो म्हणेल, असा माणूसच नाही."

म्हणजे वाट शोधायचे काम यंत्राने घेतले, प्रश्नाचे व्याकरण तपासायचेही घेतले. ऱ्हस्व-दीर्घ मात्र अजून आपल्याकडेच आहे.