पहिला नंबर कोण ठरवतं?

मैत्रिणींनो, जगातला सगळ्यात थोर सिनेमा कोणता, याची एक यादी लंडनहून निघते. ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जाणकारांची मतं मागवतं. पहिल्या खेपेला इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ वर आला. मग १९६२ ते २००२, पाचही वेळा अमेरिकेचा ‘सिटिझन केन’. २०१२ ला ‘व्हर्टिगो’. तिन्ही पुरुषांनी काढलेले.

२०२२ मध्ये पहिला आला ‘जान दिएलमान’, बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांचा, १९७५ चा. एका विधवेचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला वाढते, आणि घर चालावं म्हणून घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते. सिनेमा तीन तासांच्या वर. काम जितका वेळ चालतं तितका वेळ कॅमेरा हलत नाही. एके दिवशी बटाटे जास्त शिजतात, तिथून तिची घडी विस्कटत जाते. रोजच्या या कामात कुणाला गोष्ट दिसली होती?

निकालावर बरेच जण चिडले. मत देणारे बदलले म्हणून हे झालं, म्हणाले. खरंच आहे! १९५२ ला मतं देणारे शंभरही नव्हते, आता सोळाशेच्या वर होते. पण मग आधीचे निकाल तरी कुणाच्या मतानं लागले?

नंबरांवर आमचा फार भरवसा नाही. आपला ‘पथेर पांचाली’ त्याच यादीत पस्तिसावा. चौतिसाव्यापेक्षा तो कमी कसा, हे कोण मोजणार? पण यादीत नाव आलं की लोक सिनेमा शोधून बघतात. आकेरमान २०१५ मध्येच वारल्या.