१३ जुलै : भाष्यकार राशी यांचे निधन (११०५)
हिब्रू बायबलचे थोर भाष्यकार रब्बी श्लोमो यित्झाकी ऊर्फ राशी यांचे फ्रान्समधील त्र्वा येथे निधन झाले. कॉर्डोबाचे व्याकरणकार मेनाहेम बेन सारुक आणि दुनाश बेन लाब्रात यांच्या आधारे ते ओळीचा सरळ अर्थ लावत. अडलेल्या शब्दाला बोलीतला फ्रेंच प्रतिशब्द हिब्रू लिपीत देत. जुन्या फ्रेंचच्या अभ्यासकांना तो मोठाच ठेवा ठरला. वेळ मिळाला असता तर आपण सरळ अर्थाची नवी भाष्ये लिहिली असती, असे त्यांनी नातू राशबाम यांच्याशी झालेल्या वादात त्यांच्याजवळ कबूल केले होते. एवढा मोठा पंडित, पण नातवाचा मुद्दा मानणारा! छपाईची तारीख असलेले सर्वांत जुने ज्ञात हिब्रू पुस्तक म्हणजे राशींचे तोरावरील, हिब्रू बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांवरील, भाष्य. ते १४७५ मध्ये इटलीतील रेज्जो कालाब्रिया येथे छापले गेले.