कान ऐकतो, तसाच बोलतोही

इअरबड घातलेत ना? नॉइज कॅन्सलेशनवाले असतील तर त्यात स्पीकरसोबत बारीक माइकही असतात. आजची गोष्ट अशाच एका जोडीची आहे. फक्त कान एका दिवसाच्या बाळाचा.

गेल्या महिन्यात चिंचवडला ताईला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी एक मॅडम मोबाइलएवढं यंत्र घेऊन आल्या आणि झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवलं. उजवा कान 'पास', डावा 'रेफर'. आईचा चेहराच उतरला. कारण आमच्या घरात दादा आहे, माझा आतेभाऊ, १९८९ चा जन्म. त्याला ऐकू येत नाही हे तो तीन वर्षांचा होईपर्यंत कळलंच नव्हतं. आजी थाळी वाजवून बघायची आणि तो वळायचा. थाळीवर पडणारा हात त्याला दिसायचा, एवढंच.

आता जरा मागे जाऊ. १९४८ साल, केंब्रिज. युद्धात रडारवर काम केलेला थॉमस गोल्ड नावाचा तरुण म्हणाला, कानाच्या आतला शंख द्रवाने भरलेला आहे, त्यात बारीक कंपनं लगेच विरून जायला हवीत. तरी आपल्याला दोन जवळचे सूर वेगळे कळतात. म्हणजे आत अँप्लिफायर असणार, फीडबॅकवाला. आणि फीडबॅक म्हटलं की शिट्टी आलीच! गणपतीत मंडळाचा कार्यकर्ता माइक घेऊन स्पीकरसमोर जातो तेव्हा काय होतं, आठवा. गोल्डने कानातली ती शिट्टी माइक लावून शोधली, पण सापडली नाही. तो पुढे खगोलशास्त्राकडे वळला. त्या काळी या क्षेत्रात शब्द चालायचा तो गेऑर्ग फॉन बेकेशी यांचा. त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण त्यांनी तपासलेले कान मृतदेहांचे होते. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद करून टेस्टिंग.

तीस वर्षांनी लंडनमध्ये डेव्हिड केंप या भौतिकशास्त्रज्ञाने कानात 'टिक्' आवाज सोडला आणि माइक चालू ठेवला. काही मिलिसेकंदांनी कानातून उत्तर आलं. कानाच्या पोकळीतला साधा प्रतिध्वनी एवढा वेळ घेत नाही, तो तर लगेच संपतो. १९७८ मध्ये त्याचा पेपर आला. पुढे १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांच्या गटाने दाखवलं की शंखातल्या बाहेरच्या केसपेशी विजेच्या बदलाने आखडतात, लांबतात. अँप्लिफायर तोच. एका कानात अशा साधारण १२,००० पेशी असतात. तो आवाज फार क्षीण असतो, म्हणून यंत्र शेकडो टिक् सोडून सरासरी काढतं. गोंगाट एकमेकांत कटतो, उत्तर उरतं. सिग्नल प्रोसेसिंगचा हा धडा मी कॉलेजात रट्टा मारून पास केला होता!

केंप यांच्या पद्धतीवरचं यंत्र १९८८ मध्ये लंडनमध्ये तयार झालं. दादाच्या जन्माच्या एक वर्ष आधी. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. पण हे यंत्र प्रत्येक प्रसूतिगृहात नसतं, तेव्हा डिस्चार्जआधी विचारा. जगभरचा नियम असा: एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार. आणि एक अडचण, केसपेशी ठीक पण नस बिघडलेली असेल तर ही चाचणी 'पास'च सांगते. म्हणून नवजात आयसीयूत राहिलेल्या बाळांची नसेचीही तपासणी करतात.

'रेफर' म्हणजे बहिरेपण नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात जन्मावेळचं पाणी, चिकटा असतो, तोही आवाज अडवतो. आमची चिमणी दुसऱ्या खेपेला दोन्ही कानांनी पास झाली.

दादा सोबत आला होता. स्क्रीनवरच्या पट्ट्या वर चढताना त्याने बघितल्या, मग खुणेने विचारलं, माझं बघतील का? मॅडमनी मोठं टोक लावलं. आम्ही सगळे बघत होतो. पट्ट्या खालीच राहिल्या. दादाने मान डोलावली आणि बाळाला उचलून घेतलं.